सिंगापूर का पडलं

सिंगापूर का पडलं, हे मला तोंडपाठ आहे. इतिहासाच्या मास्तराशी लग्न केलं की असल्या गोष्टी फुकटात पदरात पडतात. इतर बायका नवऱ्याच्या तोंडून क्रिकेट ऐकतात, शेअर बाजार ऐकतात. मी जन्मभर सिंगापूर ऐकलं. पोळ्या लाटताना ऐकलं, वरुणच्या बारशाच्या दिवशी ऐकलं. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून पडले होते तेव्हा ऐकलं, कारण तेव्हा मला उलट बोलता येत नव्हतं.

यांना सिंगापूरचं एवढं का, तर आमचे मामंजी तिथे होते. मामंजी खडकीच्या पलटणीत सॅपर होते. सॅपर म्हणजे खंदक खणणारे, काटेरी तारा लावणारे, पूल बांधणारे आणि वेळ आली की तेच पूल उडवणारे सैनिक. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना मलायात पाठवलं. तिथून मागे हटत हटत ते सिंगापूरला पोचले आणि बाकी सगळ्यांबरोबर जपान्यांचे कैदी झाले. युद्ध संपल्यावर घरी आले तेव्हा त्यांच्या आईनेही त्यांना ओळखलं नाही म्हणतात. मी लग्न होऊन दापोडीच्या घरात आले, तेव्हा ते दिवसभर मागच्या अंगणात झाडांना आळी करत, माती उकरत बसलेले असायचे. सिंगापूरबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. फक्त एकदा, हे लहान असताना, यांना म्हणाले होते, "सामान होतं, माणसं होती, फावडी होती. आम्ही खणायला तयार होतो. खणू दिलं नाही. लोक घाबरतील म्हणाले."

त्या एवढ्याशा बोलण्यावर माझा नवरा इतिहासाचा मास्तर झाला. पुरुषोत्तम हे त्यांचं कागदोपत्री नाव. मी पन्नास वर्षं 'अहो' म्हणत आले.

आम्ही आता ऑकलंडला, हिल्सबरोमध्ये, मुलाकडे राहतो. वरुण इथे शिकायला आला आणि इथलाच झाला, शहरात आयटीत आहे. सून स्वरदा बँकेत. नात जुई सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते. घराच्या मागच्या खिडकीतून मनुकाऊची खाडी दिसते. ओहोटीला पाणी पार आत सरकतं आणि नुसता चिखल उरतो. हे आल्यागेल्याला त्या खिडकीपाशी नेऊन सांगायचे, "बघा, एवढंसंच पाणी होतं मध्ये. आणि त्या बाजूला एक धड खंदक नव्हता." पाहुणा बिचारा चहाची वाट बघत असायचा.

मी स्वतः वीज मंडळात तक्रार खिडकीवर होते. समोरचा माणूस मीटरमध्ये हात घालून आलाय की खरंच नाडला गेलाय, हे मला त्याने तोंड उघडायच्या आत कळायचं. साहेब लोक मला बोलावून विचारायचे. त्यामुळे घरात मला कोणी फसवू शकेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

फेब्रुवारीत यांचं पोट दुखायला लागलं. जेवण कमी झालं, पँट ढगळ व्हायला लागली. तपासण्यांना वरुण न्यायचा. मी येते म्हटलं की "आई, तिथे पार्किंगचे वांधे असतात, दोन दोन तास बसावं लागतं, तू कशाला?" मार्चमध्ये एक दिवस दोघं परत आले. हे सरळ खोलीत गेले. वरुण ओट्याशी उभा राहून म्हणाला, "पित्ताशयात खडे आहेत, आई. ऑपरेशन लागेल, पण पब्लिकमध्ये वेटिंग लिस्ट आहे. काही अर्जंट नाही म्हणाले."

इथे वेटिंग लिस्ट असते हे कोणाला माहीत नाही? मी दवाखान्याच्या नावाने चार शब्द बोलून घेतले, घरातलं तळण बंद केलं आणि कुळथाचं कढण सुरू केलं.

एप्रिलअखेर माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुलेखाच्या घरी लग्न होतं. तिच्या मुलीचं, स्वानंदीचं. आमची दोघांची तिकिटं आधीच काढलेली. मी म्हटलं, "मी नाही जात. तुम्हाला इथे असं टाकून कशी जाऊ?"

"अगं, खड्यांनी कोणी मरतं का? तू जा. सुलेखाला तुझ्याशिवाय काही सुचायचं नाही. आणि अक्षता पडल्या की लगेच पळत येऊ नकोस, सहा आठवडे राहा चांगली. मलाही जरा शांतता मिळू दे."

"शांतता हवी होय? घ्या मग!" असं म्हणून मी बॅग भरायला घेतली.

विमानतळावर सोडायला आले होते. गाडीपासून आतपर्यंत येताना त्यांना धाप लागली. मी तिथेच चारचौघांत बोलले, "रोज चालायला जात जा. नुसते खिडकीत बसता, मग असं होतं." हे हसले. माझ्या पदराची पिन सुटली होती ती त्यांनी लावून दिली. असलं काही ते कधी करत नसत, पण मी विमान चुकेल म्हणून घाईत होते.

पुण्यात मी मजेत होते. हे लिहिताना हात जड होतो, पण मी मजेत होते. रुखवत मांडलं, विहीणबाईंशी एक छोटंसं भांडण केलं, मिटवलं, मंडईत जाऊन कैऱ्या निवडल्या. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. हे माकडटोपी घालून बसायचे. "एप्रिलमध्ये कसली थंडी वाजते तुम्हाला? काढा ती टोपी, चोरासारखे दिसता," मी ओरडायची. पाच मिनिटांत ते फोन वरुणकडे द्यायचे. मला वाटायचं, आमच्या यांना फोनवर बोलायची सवयच नाही.

परत आले तेव्हा विमानतळावर एकटा वरुण. घरी हे खुर्चीत बसले होते आणि शर्टात माणूस शोधावा लागत होता. डोक्यावर केस नव्हते. "उन्हाळ्यात बरं वाटावं म्हणून काढले," म्हणाले, तेव्हा इथे हिवाळा सुरू झाला होता. "आणि वजन?" तर म्हणे, "खड्यांचं डाएट. तेल नाही, तूप नाही, काय राहणार?" मी आणलेलं लोणचं त्यांनी बोटाने चाखलं, छान झालंय म्हणाले आणि बोट पुसलं. मी विश्वास ठेवला. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्या घरचं मीटर तपासायला कोणी जात नाही.

हिल्सबरोच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी मराठी ज्येष्ठ मंडळी जमतात. स्नेहलताबाई ते सगळं जमवून आणतात. येताना प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, एकाने काहीतरी बोलायचं, मग चहा. यांनी आपण होऊन स्नेहलताबाईंना फोन केला, की जूनमध्ये मी बोलतो, सिंगापूरवर. वरुण नको म्हणत होता. त्यावरून बापलेकांची दाराआड कुजबुज झाली. मला वाटलं, अशक्तपणामुळे नको म्हणतोय. मीही यांना टोमणा मारला, की तिथल्या निम्म्या लोकांना तुमचं सिंगापूर पाठ झालंय, आता दुसरं एखादं गाव पाडा.

त्या रविवारच्या आधीचा बुधवार. बुधवारी दुपारी मी भजनाला जाते. त्या दिवशी पेटीवाल्या बाईंना फ्लू झाला, भजन रद्द झालं आणि मी घरीच राहिले. हे आत झोपले होते. दोन वाजता बेल वाजली. दारात एक बाई, पन्नाशीची, माओरी, हातात मोठी बॅग.

"किया ओरा! तुम्ही सरला ना? मी मारामा. हॉस्पिसकडून आलेय."

हॉस्पिस मला माहीत होतं. त्यांचं दुकान आमच्या रस्त्यावर आहे. लोकांनी दिलेल्या जुन्या कपबशा, स्वेटर तिथे विकतात आणि ते पैसे मरणाच्या दारात असलेल्या माणसांच्या सेवेला जातात. यांचा निळा स्वेटर मी तिथूनच घेतला होता. मला वाटलं, बाई देणगी मागायला आली. मी पर्स आणायला वळले.

ती म्हणाली, "आज अखेर तुमची भेट झाली, बरं वाटलं. दर वेळी तुम्ही बाहेर असता. त्यांच्या अंगावरचा वेदनाशामक औषधाचा पॅच बदलायचाय. रात्री दुखणं कसं असतं? आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत का, शेवटी त्यांना घरीच राहायचंय की आमच्याकडे यायचंय?"

माझं इंग्रजी आता चांगलं आहे. प्रत्येक शब्द मला कळला.

"शेवटी म्हणजे?" मी विचारलं.

तिने बॅग खाली ठेवली. बूट काढले, आत आली आणि माझ्याशेजारी सोफ्यावर बसली. "सरला, तुम्हाला घरच्यांनी काय सांगितलंय?"

"खडे. पित्ताशयात. वेटिंग लिस्ट आहे."

ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. "हे पुरुषोत्तमनी तुम्हाला सांगायला हवं. त्यांच्या परवानगीशिवाय मला बोलता येत नाही. सॉरी." आणि तिने माझा हात हातात घेतला. खडे झालेल्या माणसाच्या बायकोचा हात असा कोणी धरत नाही.

पन्नास वर्षं ज्या माणसाच्या खोकल्यावरून मी खोकला कुठला ते सांगत आले, त्याला काय झालंय हे कळायला मला त्याची परवानगी लागणार होती. मला हसूच आलं. ती पॅच बदलून बाहेर आली, तेव्हा मी तिला म्हटलं, "मला कळलंय हे त्यांना सांगू नका. आता माझीही परवानगी लागेल." तिने मान हलवली आणि जाताना मला मिठी मारली.

साडेतीनला जुई शाळेतून आली. मी ओट्याशी उभी होते. "जुई, आजोबांना काय झालंय?"

तिने दप्तर खांद्यावरून काढलंच नाही. "आजी, आय कान्ट. आय प्रॉमिस्ड बाबा."

"मी तुझ्या बाबाची आई आहे."

तिचा चेहरा असा चुरगळला की मीच घाबरले. "इट्स कॅन्सर, आजी. पॅनक्रियाज. इट्स एव्हरीव्हेअर. व्हेन यू वर इन पुणे ही वॉज सो सिक. ही वॉज सो, सो सिक, आजी." आणि ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सोळा वर्षांच्या पोरीला जे झेपलं, ते मला झेपणार नाही असं या घराने ठरवलं होतं.

मी कोणालाही काही बोलले नाही. राग इतका होता की तोंड उघडलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्या रागाच्या खाली मला एक आशा होती, की हे आपण होऊन सांगतील. मी संधी दिली. गुरुवारी मऊ भात भरवताना विचारलं, "खूप दुखतं का हो?" म्हणाले, "खड्यांचं दुखणं असंच, येतं आणि जातं." शनिवारी पाय चेपताना म्हटलं, "डिसेंबरात पुण्याला जाऊ या, दोघं." माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ की. तिकिटं स्वस्त झाली की बघू." त्या क्षणी मला त्यांचे पाय सोडून उठून जावंसं वाटलं. मी चेपत राहिले.

रविवारी हॉल भरला होता. वरुणने त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि माइक हातात दिला. माणूस वाळून काडी झाला होता, पण आवाज वर्गातलाच होता. मी तिसऱ्या रांगेत बसले. सगळं तेच होतं, मला पाठ असलेलं. इंग्रजांनी समुद्राकडे तोंड करून प्रचंड तोफा बसवल्या. त्यातल्या बऱ्याच वळवता येत होत्या, पण गोळे होते जहाजं फोडायचे, पायदळावर त्यांचा काय उपयोग? जपानी आले मागून, मलायातून, सायकलींवर बसून. ते संख्येने कमी होते, त्यांचा दारूगोळा संपत आला होता. तरी आठवडाभरात सगळं आटोपलं.

"पण मंडळी, खरं कारण मला वेगळं वाटतं," हे म्हणाले आणि पाणी प्यायले. "तिथला मुख्य इंजिनियर सेनापतीकडे गेला होता. म्हणाला, उत्तरेच्या किनाऱ्यावर खंदक खणू द्या, तारा लावू द्या, माझ्याकडे सामान आहे, माणसं आहेत. आणि सेनापती काय म्हणाला? असल्या बांधकामाने लोकांचा धीर खचतो. सैनिकांचा आणि नागरिकांचा. शहरात नाच चालू होते, सिनेमे चालू होते. माझे वडील, सॅपर, फावडं घेऊन नुसते उभे होते. माणसांवर विश्वास ठेवला नाही, मंडळी. त्यांना खरं पेलणार नाही असं धरून चालले. म्हणून सिंगापूर पडलं."

टाळ्या झाल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना कळत होतं का, आपण काय बोलतोय ते? मला आजही सांगता येत नाही.

स्नेहलताबाईंनी प्रश्न विचारायला सांगितलं. एकाने तोफांबद्दल विचारलं, एकाने आझाद हिंद सेनेबद्दल. मग मी उठले. बायको नवऱ्याला भर सभेत प्रश्न विचारते म्हटल्यावर बायका हसायला लागल्या. मागून कोणी म्हणालं, "सरलाताई, घरी विचारा की!"

"घरी उत्तर मिळत नाही," मी म्हटलं. पुन्हा हशा झाला. तो ओसरेपर्यंत मी थांबले. "मला एवढंच विचारायचंय. त्या सेनापतीने लोकांना खरं सांगितलं असतं, तर सिंगापूर वाचलं असतं का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मास्तरच ते, कोणतं मूल कुठलं पान उघडून बसलंय हे त्यांना कायम कळायचं. चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या वरुणने मान खाली घातली.

"नाही," ते म्हणाले. "बहुतेक नसतंच वाचलं."

"मग सांगून उपयोग काय होता?"

हॉलमध्ये कोणीतरी चमचे लावत होतं, तेही थांबलं. "उपयोग..." ते म्हणाले. "वेळ मिळाला असता. लोकांना आपापल्या माणसांना वेळेवर बोटीत बसवता आलं असतं. अगदी शेवटी ज्या बोटी निघाल्या त्यांतल्या किती बुडाल्या. ज्यांना एकमेकांशी बोलायचं होतं त्यांना ते..." माइक त्यांच्या मांडीवर आला. स्नेहलताबाई घाईघाईने उठून म्हणाल्या, "सर दमलेत, आपण चहा घेऊ या."

घरी आल्यावर वरुण "आई, ऐक ना..." म्हणत माझ्या मागे आला. मी त्याच्या तोंडावर खोलीचं दार लावलं. हे पलंगावर बसले होते, बूट अजून पायात. मी खाली बसून बूट काढले, कारण ते कोणी तरी काढायलाच हवे होते.

"कोणी सांगितलं तुला?"

"तुम्ही नाही सांगितलंत, एवढं पुरे आहे मला."

"तुझा धीर खचला असता, सरला. लग्नघर होतं. तू गेली नसतीस."

"गेले नसते, अर्थात गेले नसते! लग्न लागलं नसतं का माझ्यावाचून? आणि माझा धीर कधी मोजलात तुम्ही? तुमच्या आईचं शेवटचं सगळं मी केलं. हागणंमुतणं केलं. तुम्ही तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर उलटा धरून बसला होतात. मामंजी गेले तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आणि माझा धीर खचेल? तुम्ही मला लोणच्याच्या कैऱ्या निवडायला पाठवलंत आणि इथे एकटे..."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला भीती वाटत होती."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"तुला सांगितलं की तू रडणार. आणि तू रडलीस की मग ते खरंच झालं असतं. तू फोनवर ओरडायचीस ना, टोपी काढा, चालायला जा, चोरासारखे दिसता... तेवढी पाच मिनिटं मला नुसते खडेच होते गं. मी दिवसभर त्या पाच मिनिटांची वाट बघायचो."

तेव्हा मला कळलं की जन्मभर ऐकलेल्या त्या व्याख्यानात एक कारण राहून गेलं होतं. लोकांचा धीर खचेल म्हणणाऱ्या त्या सेनापतीचा स्वतःचाच धीर गेला होता. फावडं मातीत गेलं असतं, की शत्रू येणार हे त्याला कबूल करावं लागलं असतं. ते त्याला जमलं नाही. माझ्या नवऱ्यालाही जमलं नाही, आणि वर्षानुवर्षं शिकवूनही जमलं नाही. मी त्यांना जवळ घेतलं. माझा राग जागच्या जागी होता, तो काही गेला नव्हता. रागासकट घेतलं.

"मला ते सहा आठवडे हवेत," मी म्हटलं.

"आता कुठून आणू?"

"सांगा मला. मी विमानात बसले तिथपासून. रोजचं. काही गाळायचं नाही."

त्या दिवसापासून ते सांगायला लागले. रोज थोडं, दम पुरेल तेवढं. मी उशाशी बसायची आणि तक्रार खिडकीवर बसल्यासारखी खोदून खोदून विचारायची. मला सोडून ते तडक हॉस्पिटलात केमोला गेले होते. तिथे खिडकीपाशी मोठी खुर्ची होती. शेजारच्या खुर्चीत टोंगा बेटांवरचा एक बस ड्रायव्हर असायचा, तो यांना आल्याच्या गोळ्या द्यायचा आणि यांनी त्याला सिंगापूर ऐकवलं. "बिचाऱ्याच्या हातात सुई होती, पळता येत नव्हतं," म्हणाले आणि आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या आठवड्यात वरुणच्या गाडीत उलटी झाली, तर पोरगा रस्त्याच्या कडेला गाडी लावून बापाचं तोंड पुसत रडला. उशीवर केस दिसायला लागले, तेव्हा जुईने बाबाचं ट्रिमर आणून यांचं डोकं भादरलं. यांनी तिला विचारलं, "कसा दिसतो?" ती म्हणाली, "लाइक अ बेबी, आजोबा," आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसली. हे सगळं माझं होतं. माझ्या घरात, माझ्यावाचून झालं होतं.

स्वानंदीचं लग्न तिसऱ्या आठवड्यात. मंगलाष्टकं चालू असताना मी फोन उंच धरून यांना मांडव दाखवत होते. "तू हिरवी नेसली होतीस," हे म्हणाले. "अक्षता टाकायच्या सोडून मलाच विचारत होतीस, दिसतंय का, दिसतंय का. मला काही दिसत नव्हतं, सगळं फिरत होतं. मी म्हटलं, दिसतंय." कॉल बंद झाल्यावर ते खुर्चीवरून खाली घसरले होते. स्वरदाने एकटीने उचललं.

मारामा आता माझ्यासमोर यायची. मला सगळं नीट सांगायची, औषध कसं द्यायचं ते शिकवायची. मला सगळं झेपलं. एकदा त्यांना पुसून कपडे बदलून झाल्यावर हे म्हणाले, "तुला आधीच सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं.

"रागावली आहेस अजून?"

"हो."

त्यांनी मान हलवली. तेवढं त्यांना मान्य होतं.

मग चौथ्या आठवड्याला सुरुवात केली. त्या सोमवारी डॉक्टरांनी त्यांना आणि वरुणला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने आधी दार लावून घेतलं आणि स्वतःची खुर्ची यांच्याजवळ ओढली. हे तिला म्हणाले होते, "माझ्या मुलाला जरा बाहेर पाठवा, मला एकट्याला काही विचारायचंय."

"काय विचारलंत?" मी म्हटलं.

"दमलो गं. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शब्द फुटत नव्हता. डोळे उघडायचे, ओठ हलायचे, आवाज नाही. मी कान तोंडाशी नेला. मारामाने सांगितलं, ऐकू येतं त्यांना, तुम्ही बोलत राहा. मी बोलत राहिले. दोन दिवसांनी, आषाढात, दुपारी, आम्ही चौघं जवळ असताना गेले.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, भाग्यवान गं, पन्नास वर्षांचा संसार झाला, सगळं हाताने केलंस. मी त्यांना चहा देते. त्यांना काय सांगू?

त्यांनी डॉक्टरीणबाईला काय विचारलं, ते वरुणला माहीत नाही. तो बाहेर उभा होता. पुढच्या दोन आठवड्यांचं तो सांगायला तयार आहे. परवाही म्हणाला, "आई, मी होतो ना रोज त्यांच्याबरोबर. सगळं आठवतंय मला. सांगू?"

मी नको म्हटलं. मला ते त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं.